कोणता पाय

रविवारी मिसळ संपत आली की
आमच्या टेबलावर ऑलिंपिक भरतं.
मखमलाबाद रोडची पत्र्याची शेड,
पाच म्हातारे, सात पाव, रश्श्याची दुसरी वाटी,
आणि कोणता खेळ ठेवायचा, कोणता हाकलायचा
याचा निकाल बिल येण्याआधी.

"घोडा नाचतो, पदक माणसाला!"
हे दत्तू गांगुर्डे. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
चौतीस वर्षं नोटा मोजल्या,
कुणाची कमाई कुणाच्या खिशात जाते ते त्यांना कळतं.
घोडा गेला.

बंदूकही जाणार होती.
"उभं राहायचं, बोट हलवायचं. घाम कुठंय त्यात?"
पण देवळालीच्या तोफखान्यातले सुभेदार बोडके
पापड मोडता मोडता थांबले.
म्हणाले, दोन ठोक्यांच्या मधे
छाती जिथे गप्प असते ना,
तेवढ्या जागेतून गोळी काढून दाखव.
सगळेच थोडा वेळ
आपापली छाती ऐकत बसलो.
बंदूक राहिली.

कुस्तीवर चर्चा होत नाही.
नुसता विषय निघाला तरी
निकमांचा मोडलेला कान लाल होतो.
मल्लखांब अजून का नाही, यावर वीस मिनिटं.
नाकाला चिमटा लावून पाण्यात नाचणाऱ्या पोरींना आम्ही हसलो,
तर केदू आहेर म्हणाले, नात पोहते माझी;
बादलीत डोकं घाला आणि मग हसा.
त्या राहिल्या.

मग कुणीतरी म्हणालं, चालणं.
टेबल हललं.
"चालण्याला पदक? मग आमची ही
रविवार कारंज्यावरून रोज सुवर्ण आणते,
वर दोन किलो कांदे!"
गांगुर्डे उठून कंबर हलवत गल्ल्यापर्यंत जाऊन आले.
गल्ल्यावरचा पोरगा हसला.
मीही हसलो.

यांना मी सांगितलेलं नाही
की जानेवारीत, जिल्हा निवड चाचणीला,
पहाटे साडेसहाला त्र्यंबक रोडवर
पिवळी पाटी धरून मी उभा होतो.
पाटीच्या एका अंगाला नागमोडी रेघ: पाय सुटला.
दुसऱ्या अंगाला मोडलेली रेघ: गुडघा वाकला.
बस आली की आपण सगळे जे करतो
ते कुणी करत नाही ना,
एवढंच पाहायचं.

जयवंता भोये, पेठ तालुका, दहा किलोमीटर.
नाकातून वाफ, बुटांना दोन रंगांच्या नाड्या.
टाच. टाच. टाच.
अंगातला कणन् कण पळ म्हणत होता
आणि ती त्याला नाही म्हणत होती
सेकंदाला तीनदा.

शेवटची रेघ ऐंशी मीटरवर होती.
दोन लाल कार्डं आधीच लागलेली, दुसऱ्या पंचांची.
तिसरं माझं.

ती भांडली नाही. माझ्यासमोर आली, विचारलं,
"सर, कोणता पाय?"
डावा, मी म्हणालो.
म्हणालो खरा.
नियमात लिहिलंय, साध्या डोळ्यांना दिसेल तेवढंच धरायचं.
माझे साधे डोळे एकसष्टचे,
त्यात थंडीनं पाणी.

"बरं," म्हणाली. छातीवरच्या नंबराच्या पिना काढल्या,
माझ्याच हातात दिल्या, चारही,
आणि पिशवीकडे निघाली. पळत.
आता मुभा होती.
काय पळाली!
रस्त्याकडेचा चहावाला किटली तशीच धरून बघत राहिला.
हे एवढं सगळं
ती दहा किलोमीटर दाबून चालली होती.

"मतदान!" बोडके म्हणाले.
चार हात वर.
माझा ताकाच्या ग्लासाभोवती होता,
गांगुर्डेंनी तोही मोजला.
चालणं गेलं.

बाहेर, स्कूटरपर्यंत पंचवीसेक पावलं.
कुणी बघत नाहीसं बघून
गुडघा ताठ केला, टाच आधी टेकवली,
पाठीमागे मिसळीचा वास, समोर उन्हात धूळ,
आणि चौथ्या की पाचव्या पावलाला
सुटलो.

कोणता पाय?
माझाच होता,
तरी सांगता येईना.